ओढणारी फुंकर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



वाफेच्या इंजिनाच्या गाडीनं प्रवास केलेली मुलं आता आजी-आजोबा झाली आहेत. त्यांना एक वाक्य हमखास आठवत असेल. ‘खिडकीतून डोकं बाहेर काढू नकोस, डोळ्यात कोळसा जाईल.’ आणि तरीही आपण डोकं बाहेर काढायचोच. मग डोळ्यात काहीतरी टोचायचं. आई पदराचा बोळा करून त्यावर तोंडाची वाफ सोडायची आणि डोळा शेकायची, समोरच्या बाकावरचे कुणीतरी काका ‘चोळू नकोस, चोळू नकोस’ म्हणत राहायचे, आणि पुढच्या स्टेशनावर नळाच्या पाण्याचा हबका मारला की तो कण निघून जायचा.

आज मी त्या कणाविषयीच बोलणार आहे. तो डोळ्यात कसा गेला हे तुम्हाला ठाऊक आहे. पण तो इंजिनाच्या भट्टीतून धुराड्याबाहेर आला कसा? भट्टी मागे, ड्रायव्हरच्या पायाशी. धुराडं पार पुढे, इंजिनाच्या नाकावर. मध्ये बॉयलरच्या लांबच लांब, मनगटाएवढ्या जाडीच्या नळ्या. त्या सगळ्या नळ्यांतून धूर, राख आणि पेटता कोळशाचा चुरा ओढून आणायचा आणि आकाशात फेकायचा, म्हणजे जोरदार ओढ पाहिजे. कारखान्याची चिमणी ही ओढ आपल्या उंचीनं निर्माण करते. इंजिनाचं धुराडं हात-दोन हात उंच, कारण वर पूल असतात, बोगदे असतात. पंखा म्हणावा तर तोही नाही. मग हे काम कोण करत होतं?

उत्तर आपण सगळ्यांनी लहानपणी तोंडानं काढलेलं आहे. छुक, छुक, छुक.

सिलिंडरमध्ये दट्ट्या ढकलून झाला की वाफेचं काम संपतं. तिच्यात थोडा दाब मात्र शिल्लक असतो. ती वाफ तशीच हवेत सोडून न देता इंजिनाच्या पुढच्या डब्यात, ज्याला स्मोकबॉक्स म्हणतात तिथं, धुराड्याच्या बरोबर खाली एका अरुंद तोंडातून वर सोडत. ती सुसाट वर जाताना आजूबाजूचा धूर आपल्याबरोबर ओढून नेई. स्मोकबॉक्समधला धूर कमी झाला की तिथला दाब उतरे, आणि ती पोकळी भरायला भट्टीतला धूर नळ्यांतून धावत येई. निखाऱ्यांवर वारा खेळे, आग फुले, आणखी वाफ तयार होई. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला असे चार फूत्कार. चढावर इंजिन जोर लावू लागलं की फूत्कार दांडगे होत आणि आगही आपोआप भडके. जितकं काम जास्त तितकी वाफ जास्त, आणि जितकी वाफ जास्त तितका वारा जास्त. आगीला कुणी वेगळं सांगावं लागत नव्हतं.

रिचर्ड ट्रेव्हिथिक या कॉर्निश इंजिनिअरनं १८०४ साली वेल्समध्ये रुळांवर इंजिन चालवलं, तेव्हाच त्यानं वापरलेली वाफ धुराड्यात सोडली होती आणि त्यानं आग चांगली पेटते हे त्याच्या लक्षात आलं होतं. १८२९ च्या स्टीफन्सन यांच्या ‘रॉकेट’मध्येही ही युक्ती होती. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी धावली तोवर हा इंजिन बांधणीचा नेहमीचा भाग झाला होता. पुढे फिनलंडचे क्यूलाला आणि फ्रान्सचे आंद्रे शापलाँ यांनी १९२० च्या दशकात वाफेची एक जाड धार फोडून तिच्या अनेक धारा केल्या. धारा अनेक झाल्या की त्यांचा धुराला स्पर्श जास्त होतो आणि कमी वाफेत जास्त ओढ मिळते. १९३८ साली इंग्लंडमध्ये ‘मॅलर्ड’ नावाच्या इंजिनानं ताशी २०२ किलोमीटरचा वेग गाठला. वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम. त्या इंजिनाच्या धुराड्यात याच दोघांच्या नावाची जोड-व्यवस्था बसवलेली होती.

या युक्तीला एजेक्टर म्हणतात. कारखान्यात कोणी एडक्टर म्हणतं, कोणी नुसतंच ‘व्हेंचुरी’ म्हणून मोकळं होतं. जोव्हान्नी व्हेंचुरी हे इटलीचे प्राध्यापक. अरुंद होऊन पुन्हा रुंद होणाऱ्या नळीतून प्रवाह कसा जातो आणि वाहती धार आजूबाजूचं द्रव कसं ओढून नेते, याचे प्रयोग त्यांनी १७९७ साली प्रसिद्ध केले. मी मनातल्या मनात या यंत्राला ‘ओढणारी फुंकर’ म्हणतो. फुंकर मारायची पुढे आणि वस्तू ओढली जाते मागून.

घरात ही फुंकर रोज तुमच्या हाताखाली असते. गॅसच्या शेगडीचा कान पिरगाळला की बारीक भोकातून गॅसची धार सुटते. ती बर्नरच्या नळीत शिरताना बाजूच्या फटीतून हवा ओढून घेते आणि मग निळी ज्योत मिळते. फट काजळीनं बुजली की ज्योत पिवळी पडते आणि पातेली काळी होतात. ढेकूण-डास मारायचा जुना फ्लिटचा पंप आठवतोय? दट्ट्या दाबला की डब्यातलं औषध वर चढून फवारा उडायचा. तत्त्व तेच. फरक एवढाच, की शेगडीत गॅस हवेला ओढतो, पंपात हवा द्रवाला ओढते, आणि इंजिनाच्या धुराड्यात वाफ धुराबरोबर घन कणांनाही ओढते. आजचा विषय हा तिसरा प्रकार. कारण घन कण आले की या साध्यासुध्या यंत्राचा स्वभाव बदलतो.

आधी त्याची रचना सांगतो. समजा एका हॉपरमध्ये, म्हणजे खाली निमुळत्या होत गेलेल्या मोठ्या टोपात, पूड भरलेली आहे. पीठ असेल, राख असेल, प्लॅस्टिकचे दाणे असतील. हॉपरच्या तळाला एक आडवी नळी. नळीच्या एका तोंडातून नोझल आत आलेलं. नोझलमधून हवेची धार सुटते आणि समोरच्या अरुंद भागात, त्याला आपण घसा म्हणू, शिरते. धारेच्या भोवती दाब कमी होतो. हॉपरमधली पूड आणि तिच्याबरोबर थोडी वरची हवा त्या कमी दाबाकडे खेचली जाते. घशात सगळ्यांची सरमिसळ होते. घशाच्या पुढे नळी हळूहळू रुंदावते, वेग थोडा उतरतो आणि त्या बदल्यात थोडा दाब परत मिळतो. त्या दाबाच्या जोरावर मिश्रण पुढच्या लांब पाइपातून पाहिजे तिथं जाऊन पडतं.

या सगळ्यात एकही हलणारा भाग नाही. चाक नाही, पातं नाही, बेअरिंग नाही, तेलपाणी नाही. पुडीच्या धंद्यात याचं मोल फार. कारण पूड बेअरिंगात शिरते, सील खाते, पात्यांच्या कडा झिजवते. नोझलपुढे काही हलतच नसेल तर बिघडणार काय, असं कुणालाही वाटावं. मलाही वाटत होतं.

पण निसर्ग हिशेबाचा पक्का. एक आकडेमोड करू, शाळेतल्या गणिताएवढीच. एक किलो हवा सेकंदाला ३०० मीटर वेगानं आली आणि तिनं जागेवर थांबलेल्या दोन किलो हवेला आपल्यात सामील करून घेतलं. एकूण वस्तुमान तिप्पट झालं म्हणून वेग उरला १००. सुरुवातीला त्या एक किलो हवेजवळ ४५ हजार ज्यूल ऊर्जा होती. मिसळल्यानंतर तिन्ही किलोंची मिळून राहिली १५ हजार. दोन-तृतीयांश ऊर्जा आपापसातल्या धक्काबुक्कीत गेली, तिची उष्णता झाली. यात कारागिराची काही चूक नाही. भरधाव माणसानं उभ्या माणसाचा हात धरून त्याला पळवायला घेतलं की असंच होणार. आता हवेऐवजी पाच किलो पूड ओढायची ठरवा. वेग उरेल सहावा हिस्सा, म्हणजे ५०, आणि ऊर्जाही सहावा हिस्सा. म्हणून पूड ओढणाऱ्या एजेक्टरजवळ पुढचा विरोध सोसायला फार थोडा दाब उरतो. ब्लोअरवर चालणाऱ्या साध्या एजेक्टरचा हिशेब केला तर हा दाब जेमतेम एक-दोन मीटर उंचीच्या पाण्याएवढा. त्याहून जास्त अडथळा पुढे आला की त्याचा धीर सुटतो.

दुसरी गोष्ट कणांची. ज्यांनी खळ्यावर उफणणी पाहिली आहे त्यांना ती लगेच कळेल. तिवईवर उभं राहून सुपातून धान्य सोडलं की वारा भुसा लांब नेतो आणि दाणा पायाशी पडतो. हवा सगळ्यांना सारखीच भेटते, पण हलका कण तिचं लगेच ऐकतो, जड कण वेळ लावतो. एजेक्टरच्या घशातही हीच शर्यत चालते. राखेचा तीस मायक्रॉनचा कण, म्हणजे मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले तीन, हातभर अंतरात हवेचा वेग जवळपास पकडतो. गव्हाच्या दाण्याला त्यासाठी कित्येक मीटर लागतात. त्यामुळे पिठासाठी केलेला एजेक्टर गव्हाला चालेल असं समजू नये. घसा आखूड असेल तर दाणा अजून रेंगाळत असतानाच नळी रुंदावते, हवेचा वेग उतरतो आणि दाणे मागेपुढे अडखळायला लागतात.

आणि कण उभ्या नळीत तरंगणं वेगळं, आडव्या पाइपातून वाहत राहणं वेगळं. गव्हाचा दाणा सेकंदाला आठ-नऊ मीटरच्या उभ्या झोतात तरंगतो. आडव्या पाइपात मात्र त्याला वीस-पंचवीस मीटरचा वेग लागतो, पिठा-राखेला पंधरा-वीसचा. वेग याच्या खाली आला की कण पाइपाच्या तळाशी बसू लागतात, वाळवंटात वाळूच्या टेकड्या सरकतात तशा आत लहान टेकड्या होतात, त्या पुढच्या वळणावर साचतात आणि पाइप तुंबतो. वेग फार वाढवावा तर कण वळणावर सँडपेपरसारखे घासतात. झीज वेगाच्या जवळपास घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट केला तर झीज जवळजवळ आठपट. लोखंडी वळणाला भोकं पडलेली मी पाहिली आहेत, आतून बाहेर, अगदी गोल आणि गुळगुळीत.

आता ज्या दिवसामुळे मी हा विषय निवडला तो दिवस सांगतो.

१९८० च्या दशकाची अखेर होती. मी नवा इंजिनिअर, एका औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखान्यात. गारगोटीची पूड, म्हणजे दळलेलं क्वार्ट्झ, पोत्यांतून यायची. ती हॉपरमध्ये ओतायची, खालच्या एजेक्टरनं ती वीसेक मीटर लांब आणि वरच्या मजल्यावरच्या टाकीत जायची. टाकीवर कापडी पिशव्यांचा फिल्टर. हवा कापडातून बाहेर, पूड टाकीत. पोती ओतायला जे गृहस्थ होते त्यांना सगळे मामा म्हणत. वय पन्नाशीच्या पुढे. तोंडाला पंचा बांधायचे. त्या काळी तेवढंच संरक्षण.

आम्ही त्या वर्षी एक मिक्सर हलवला आणि त्यासाठी पाइपाला दोन काटकोनी वळणं वाढवली. कागदावर चार रेघा बदलल्या, काम झालं. पावसाळा लागला. एका दुपारी मामांनी पोतं उचलून हॉपरच्या तोंडाशी धरलं आणि आतून पांढरा ढग उसळून त्यांच्या अंगावर आला. पूड आत ओढली जायची ती बाहेर येत होती. मी धावत गेलो. माझ्या डोक्यात एकच विचार, ओढ कमी पडतेय म्हणजे हवा कमी पडतेय. मी ब्लोअरचा व्हॉल्व्ह आणखी उघडला. ढग दुप्पट झाला. मामा डोळे मिटून उभे, भुवया, मिश्या, कान सगळं पांढरं. आणि सांगायला लाज वाटते, आम्ही दोघं-तिघं हसलो.

मामांनी डोळे धुतले आणि म्हणाले, “साहेब, पुढं वाट नाही त्याला. हवा वाढवून काय हुईल? माझे वडील इंजिनावर फायरमन होते. रेग्युलेटर बंद झाला की भट्टीचं दार उघडायचं नाही, म्हणायचे. भडका तोंडावर येतो.”

या बोलण्याचा अर्थ मला पूर्ण कळायला बराच काळ गेला. चालत्या इंजिनात धुराड्यातली वाफ आगीला पुढे ओढत असते, म्हणून फायरमन दार उघडून बिनधास्त कोळसा टाकू शकतो. ड्रायव्हरनं वाफ बंद केली की फूत्कार थांबतो, ओढ संपते. अशा वेळी इंजिन बोगद्यात शिरलं की धुराड्याच्या तोंडावर हवेचा दाब येतो आणि भट्टीतली आग दारातून मागे, माणसांच्या अंगावर उलटते. त्यासाठीच इंजिनात ‘ब्लोअर’ नावाची वेगळी सोय असे. बॉयलरमधली ताजी वाफ बारीक भोकांतून थेट धुराड्यात सोडायची, म्हणजे सिलिंडर बंद असले तरी ओढ चालू राहते. बोगद्याआधी आणि रेग्युलेटर बंद करण्याआधी ब्लोअर उघडायचा, हा फायरमनच्या शिक्षणातला पहिला धडा. तो विसरल्यामुळे माणसं भाजली आहेत, काही दगावली आहेत.

आमच्या हॉपरचंही तेच झालं होतं. एजेक्टर मागून किती ओढेल हे मागे काय आहे यावर फारसं ठरत नाही. पुढे वाट किती मोकळी आहे यावर ठरतं. दोन वळणांनी विरोध वाढला होता. वर टाकीवरच्या फिल्टरच्या पिशव्या पावसाळी दमटपणानं ओलसर होऊन त्यांच्यावर पुडीचा लेप बसला होता. नोझलमधून आलेल्या हवेला पुढे जाणं जड झालं, आणि तिला दुसरी एकच वाट मोकळी होती, हॉपरमधून वर, मामांच्या तोंडावर. मी हवा वाढवली तेव्हा पाइपातला वेग वाढवू पाहत होतो. पण पाइपाचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग दीडपट करायचा तर विरोध सव्वादोनपट. एजेक्टरजवळ तेवढा दाब नव्हताच. उरलेली सगळी हवा मागे फिरली.

गारगोटीची ती पूड म्हणजे शुद्ध सिलिका. पीठ गिरणीतला पांढरा माणूस आणि ही पूड अंगावर घेतलेला माणूस लांबून सारखेच दिसतात. पण सिलिकाचे पाच मायक्रॉनच्या आतले कण श्वासातून फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या पिशव्यांपर्यंत जातात आणि तिथंच राहतात. शरीर त्यांना गिळायला पेशी पाठवतं, त्या पेशी मरतात, आणि कणांभोवती व्रणासारखी कडक गाठ तयार होते. अशा हजारो गाठी झाल्या की फुप्फुस ताठर होतं. हा सिलिकोसिस. तो बरा करणारं औषध आजही नाही. क्षयरोगाशी त्याची गल्लत होते, आणि वर सिलिकोसिस असलेल्याला क्षयरोग जडण्याचा धोकाही जास्त. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात, जे आजार आढळताच सरकारला कळवणं बंधनकारक होतं त्यांच्या यादीत सिलिकोसिसचं नाव घातलेलं होतं. १९९७ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं श्वासावाटे आत जाणाऱ्या स्फटिकरूपी सिलिकाला माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं. डोळ्यात जाणारा इंजिनाचा कोळसा टोचतो म्हणून लगेच कळतो. हे कण टोचत नाहीत. पुडीचा ढग खाली बसल्यावर, सगळं स्वच्छ दिसू लागल्यावरही तेच सर्वांत जास्त वेळ हवेत तरंगत राहतात.

एजेक्टरचंच एक जवळचं भावंड म्हणजे वाळूचा फवारा मारून लोखंड साफ करण्याची बंदूक. अमेरिकेत बेंजामिन टिल्घमन यांनी १८७० साली सँडब्लास्टिंगचं पेटंट घेतलं. तिच्या साध्या प्रकारात हवेची धार खालच्या डब्यातली वाळू नळीनं ओढून घेते आणि कामावर मारते. वाळू लोखंडावर आपटून फुटते आणि तिचे ताजे, धारदार बारीक कण होतात. ब्रिटननं ओतकामाच्या वस्तू अशा साफ करताना सिलिकायुक्त वाळू वापरण्यावर १९४९ च्या नियमांनी बंदी घातली. लोखंडाचे छर्रे, गार्नेट, भट्टीच्या मळीचे दाणे हे पर्याय तेव्हापासून माहीत आहेत. तरी रस्त्याकडेच्या शेडमध्ये नदीची वाळू आणि तोंडाला रुमाल हे दृश्य मी त्यानंतर अनेक वर्षांनी पाहिलेलं आहे. वाळू स्वस्त पडते, दुसरं काय.

आमच्याकडे काय केलं ते सांगतो. काटकोनी वळणं काढून एकच मोठं, सावकाश वळणारं वळण टाकलं. फिल्टरच्या पिशव्या झटकायची वेळ ठरवून दिली. पोतं एकदम ओतण्याऐवजी हॉपरच्या तळाशी पूड मोजून सोडणारी सरकती झडप बसवली. एजेक्टरला पूड भूक असेल तेवढीच द्यावी लागते. मुंबईच्या लोकलमध्ये दारात गर्दी झाली की कुणीच आत जात नाही, तसं घशाचं होतं. पण हे सगळे उपाय झाल्यावरही एक गोष्ट तशीच होती. पाइप दाबाखाली होता. कुठल्याही सांध्याला फट पडली की पूड बाहेरच येणार.

दीडेक वर्षानं आम्ही एजेक्टर तिथून काढला आणि पाइपाच्या दुसऱ्या टोकाला, टाकी आणि फिल्टर यांच्याही पलीकडे बसवला. आता तो फिल्टरमधून आलेली स्वच्छ हवा ओढायचा आणि त्यामुळे संपूर्ण पाइप बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाबावर राहायचा. सांध्याला फट पडली तर बाहेरची हवा आत जायची. शिट्टीसारखा आवाज यायचा, पूड यायची नाही. शिवाय एजेक्टरच्या घशातून पूड जातच नसल्यानं त्याची झीजही थांबली. तोटाही आहे. ओढीला मर्यादा असते, कारण बाहेरची हवा जेवढी ढकलेल तेवढंच काम होतं. दाबानं फार लांब नेता येतं, ओढीनं नाही. वीस-तीस मीटरला आमचं भागलं.

हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर औष्णिक वीज केंद्रांत असतो. कोराडी, चंद्रपूर, परळी, एकलहरे, नावं तुमच्या परिचयाची आहेत. आपल्या देशी कोळशात राखेचं प्रमाण साधारण ३० ते ४५ टक्के. म्हणजे तीन वाघिणी कोळसा जाळला की एक वाघीण राख. त्यातली बहुतेक, पाचातले चार भाग, धुराबरोबर उडणारी बारीक राख. ती विजेच्या साहाय्यानं धुरातून वेगळी काढून ओळीनं लावलेल्या हॉपरांत जमवतात. जुन्या पद्धतीत तिथं पाण्याच्या धारेचे एजेक्टर असत. जोरदार धार पोकळी निर्माण करी, पोकळी हॉपरांतून राख ओढून आणी, राख पाण्यात मिसळे आणि तो चिखल मैलोगणती दूर राखेच्या तलावात जाई. धूळ उडायची नाही ही सोय खरी, पण पाणी अमाप लागे, आणि उन्हाळ्यात तलावाचा काठ सुकला की तीच राख वाऱ्यावर आसपासच्या शेतांत आणि घरांत. १४ सप्टेंबर १९९९ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनंतर राख विटांत, सिमेंटमध्ये वापरण्यावर जोर आला. त्यासाठी राख कोरडी पाहिजे. म्हणून हॉपरपासून पंपाच्या ओढीनं थोडं अंतर आणायची आणि तिथून पुढे सायलोपर्यंत हवेच्या दाबानं ढकलायची, अशी विभागणी रूढ झाली. जिथं माणसं वावरतात, हॉपरची दारं उघडावी लागतात, त्या टप्प्यात ओढ. लांबच्या, बंद पाइपाच्या टप्प्यात दाब. आमच्या छोट्या शेडमध्ये जे आम्हाला ठेचकाळून कळलं, ते तिथं आराखड्यातच आखलेलं असतं.

मामा त्यानंतर सहा-सात वर्षांनी निवृत्त झाले. शेवटच्या वर्षांत त्यांना जिना चढताना धाप लागायची. गावच्या डॉक्टरांनी क्षयाची औषधं दिली, ती त्यांनी पूर्ण घेतली, धाप गेली नाही. मी त्यांना शहरातल्या छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो तेव्हा डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढे धरला आणि पहिला प्रश्न विचारला, “कामाला कुठं होता?”

त्या ढगाच्या दुसऱ्याच दिवशी मामांनी एक गोष्ट केली होती. हॉपरच्या तोंडावर आडवी तार ताणून तिला त्यांनी पोत्याचा एक उसवलेला दोरा बांधला, वीतभर लांब. ओढ ठीक असली की दोरा आत झुकलेला राही. पुढे कुठं तुंबू लागलं की धूळ दिसण्याच्या बराच आधी तो सरळ लोंबकळू लागे, आणि मग बाहेर फडफडे. दोरा लोंबकळला की पूड बंद करायची, हवा वाढवायची नाही, फिल्टर बघायला जायचं. दाबमापक आम्ही नंतर बसवले, चांगले महागाचे. त्यांच्या काचेवर पूड बसून आकडे दिसेनासे होत. पुढे मी ज्या ज्या कारखान्यात गेलो तिथं हॉपर पाहिला की खिशातून दोरा काढायचो. पहिल्यांदा लोक हसायचे. मी पोतं उचलणाऱ्या माणसाला बाजूला घेऊन विचारायचो, “दोरा आत जातोय की बाहेर येतोय?”